रडत्या लेकराला णमोकाराची शिक्षा नको

मैत्रिणींनो, मला एक गोष्ट अजिबात पटत नाही. लेकरू रडून लालबुंद झालं की आपण दटावतो, "गप्प! आधी नऊ वेळा णमोकार म्हण!" इथे हैदराबादेत आपल्या किती घरांत मी हे ऐकते. हुंदक्यांनी श्वास अडकलाय, त्यात ही सक्ती. अशानं त्याला मंत्र म्हणजे शिक्षाच वाटणार.

कायोत्सर्गात एक णमोकार ३ श्वासांत, ९ णमोकार २७ श्वासांत, हा हिशोब आपल्याला पाठ आहे. महाप्रज्ञजींनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रेक्षाध्यानातही श्वास बघणं आहेच. मग मुलांसाठी तेवढा श्वासच घ्या ना! गरम वरणभातावर घालतो तशी फुंकर तळहातावर घालू दे. भिरभिरं फिरवू दे, साबणाचे फुगे करू दे. जोरात फुंकलं तर फुगा फुटतो. मोठा करायला हळू, लांब फुंकावं लागतं. लांब श्वास सोडला की छातीची धडधड मंदावते.

कुणी म्हणेल, "धर्माचा खेळ मांडला!" अहो, खेळ श्वासाचा आहे, मंत्राचा नाही. उलट मंत्राला धाकातून सोडवतोय आपण.

मात्र हे शिकवायचं मूल हसतंखेळतं असताना. आणि रडं आलं की भूक लागलीय का, कुठं दुखतंय का, हे आधी बघायचं. फुंकर म्हणजे तोंड बंद करायची नवी युक्ती नव्हे.

पहिला लांब श्वास आईनं घ्यावा. अहिंसा काय फक्त कंदमुळं टाळण्यापुरती? आपल्या आवाजालाही ती लागू आहे.