नव्या व्हायरसला नाही, जुन्या सवयींना भ्या!

राजेहो, दर दोन-चार महिन्यांनी एखाद्या नव्या व्हायरसची बातमी येते अन् आपले व्हॉट्सॲप ग्रुप पेटतात. "हा मेसेज उघडला की फोन गेलाच समजा, दहा जणांना पाठवा!" अमरावतीतून निघालेला मेसेज तासाभरात अकोल्यात. पण पाठवणाऱ्याने स्वतःचा फोन शेवटचा कधी अपडेट केला, हे त्याला विचारून पाहा.

इतकी वर्षं बातम्या लिहून माझं मत पक्कं झालंय. सामान्य माणसाने व्हायरसच्या नावाला भ्यायचं काही कारण नाही. भ्यायचं ते आपल्या सवयींना.

२०१७ चं वॉनाक्राय आठवा. १२ मे रोजी पसरलं, सुमारे दीडशे देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, वरून ३०० डॉलरची खंडणी. चॅनलवाल्यांनी आभाळ कोसळल्यासारखं दाखवलं. पण ते ज्या भोकातून शिरलं, ते बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं! दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं, ते निवांत झोपले.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून ९४ कोटी रुपये काढले गेले. तिथे खातेदाराचा काय दोष? काहीच नाही. असल्या हल्ल्यांची काळजी बँकेने करायची, अन् जाबही बँकेलाच विचारायचा.

आपल्या दारात येणारा चोर वेगळा आहे. तो व्हॉट्सॲपवर येतो. कधी 'आरटीओ चलान' म्हणून, कधी 'पीएम किसान यादी', तर लग्नसराईत चक्क लग्नपत्रिका म्हणून. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. म्हणजे ती पत्रिका नाही, ॲप आहे. तुम्ही ते टाकता, एसएमएस वाचायची परवानगी देता, अन् तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. दार आतून आपणच उघडलं, मग कडीकोयंड्याला दोष काहून द्यायचा?

"माझ्या फोनमध्ये चोरण्यासारखं काय आहे?" असं म्हणणारे खूप भेटतात. भाऊ, सोयाबीनचे पैसे ज्या खात्यात आले, त्याचे ओटीपी त्याच फोनवर येतात ना?

अन् सेतू केंद्र, झेरॉक्सवाले, नेट कॅफेवाल्यांनो, तुमच्याकडे अर्ध्या गावाचे आधार अन् पासबुक पडलेले असतात. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्रॅक केलेल्या विंडोजवर लोकांची कागदं ठेवणं म्हणजे दुसऱ्याचं धान्य फुटक्या कोठीत भरणं. काम झालं की फाइल डिलीट करा. आपणही समोर उभं राहून करायला लावू, त्यात लाजायचं काय?

बाकी उपाय साधे आहेत. अपडेट टाळू नका. एपीके आली, मग ती सख्ख्या मामाकडून का असेना, उघडू नका. आधी मामाला फोन लावा, त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो. महत्त्वाचे फोटो-कागद वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा अन् तो काढून ठेवा. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा अन् बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं आहे. म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं.

ही पोस्ट दहा जणांना पाठवली नाही तरी चालेल. आज घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा फोन हातात घेऊन अपडेट करून द्या. तेवढं पुरे.