उसन्या मैदानावरचे घर

स्थलांतरितांच्या साहित्याविषयी पदव्युत्तर वर्गात बोलताना आपण सारेच 'स्मरणरंजन' हा शब्द फार सहजपणे वापरतो. माणूस देश सोडतो, त्याला घराची आठवण येते, मग तो मंडळ काढतो, गणपती बसवतो, कविता लिहितो. आणि आपण त्या कवितेच्या समासात 'स्मरणरंजन' असे लिहून मोकळे होतो. हा शब्द पुरेसा नाही, असे आम्हां दोघांना अलीकडे वाटू लागले आहे. त्याला निमित्त झाले ते एका खेळाचे. तोही असा, की ज्याचे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी क्वचितच ऐकले असेल.

आमचा एक माजी विद्यार्थी तयार कपड्यांच्या निर्यातीच्या व्यवसायात असून काही वर्षांपासून आग्नेय आशियातील एका मोठ्या शहरात राहतो. शहराचे नाव मुद्दामच सांगत नाही. महाविद्यालयात असताना तो कबड्डी खेळत असे. तिकडे गेल्यावर तो ऑस्ट्रेलियन नोकरदारांनी चालवलेल्या एका हौशी फुटबॉल क्लबात ओढला गेला. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. १८५९ साली मेलबर्नमध्ये ज्याचे नियम प्रथम कागदावर उतरले, तो हा 'ऑस्ट्रेलियन रूल्स', बोलीभाषेत 'फुटी'. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबट, एका बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडला तर सहा गुण. नेम जरा चुकून तो बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हाताने फेकण्यास मनाई. तो पायाने मारावा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा.

क्लबाजवळ स्वतःचे मैदान नाही. एका शाळेचे आयताकृती मैदान तासाच्या भाड्याने घ्यायचे, प्लॅस्टिकचे शंकू मांडून त्यात लंबवर्तुळ आखायचे, बांबूचे खांब उभे करायचे आणि वेळ संपली की सारे गुंडाळून न्यायचे. अठरा खेळाडू कधीच जमत नाहीत; मग नऊ-नऊंचा सामना. सप्टेंबरअखेर मेलबर्नच्या अंतिम सामन्याच्या दिवशी सारे भल्या सकाळीच एका मद्यगृहातील पडद्यासमोर जमतात. वर्षातून एकदा आशियाई शहरांतील अशा क्लबांची स्पर्धा भरते. उरलेल्या वर्षात सर्वांत नियमित होणारा कार्यक्रम म्हणजे निरोप समारंभ. दोन-तीन वर्षांचा करार संपला की माणूस जातो. त्याला सह्या केलेला अंगरखा द्यायचा, चार शब्द बोलायचे आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी नवा माणूस शोधायचा. "सर, मॅडम, एका वर्षात अकरा निरोप मोजले. आपल्याकडे एवढे तर निवृत्तिसमारंभही होत नाहीत," असे त्याने लिहिले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने प्रथम पाहावीत ती या क्लबांची नावे. सिंगापूरचे 'वॉम्बॅट्स' आणि टोकियोचे 'गोआनाज' ऑस्ट्रेलियातील प्राणी सोबत घेऊन आले. हाँगकाँगच्या क्लबाने 'ड्रॅगन्स' म्हणवून घेतले, बालीच्या क्लबाने तिथल्या भिंतींवरची पाल आपलीशी केली आणि जकार्ताचे लोक 'बिन्तांग्स' झाले. बिन्तांग म्हणजे इंडोनेशियाच्या भाषेत तारा. त्याच नावाची बिअरही तिथे प्रसिद्ध आहे, हा योगायोग नसावा! एकाच खेळाचे एकाच प्रकारचे क्लब. पण काहींनी नाव घरून आणले, तर काहींनी ते यजमानांकडून घेतले. परदेशी राहणाऱ्या माणसापुढे असलेले दोन्ही मार्ग या नामावलीत दिसतात.

यावर कोणी म्हणेल, की ही भरल्या पोटाच्या लोकांची करमणूक आहे. तिला स्थलांतराचे दुःख कशाला चिकटवता? आक्षेप रास्त आहे. या खेळाडूंना जग 'एक्सपॅट' म्हणते. १९७५नंतर व्हिएतनाममधून जीव वाचवून निघालेली आणि मेलबर्नच्या रिचमंड, फूट्सक्रे या भागांत वसलेली माणसे मात्र 'निर्वासित' ठरली. मुंबईत कामासाठी येणाऱ्याला आपण 'परप्रांतीय' म्हणतो. घर सोडण्याची क्रिया एकच. तिला कोणता शब्द मिळणार हे पगारावर आणि पारपत्रावर ठरते. साहित्याच्या अध्यापकांनी ही शब्दांची विषमता वर्गात सांगायलाच हवी. परंतु तेवढ्याने विषय संपत नाही.

कारण आशियातील या खेळाचा इतिहास केवळ सुखवस्तूंचा नाही. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडले आणि हजारो ऑस्ट्रेलियन सैनिक चांगीच्या छावणीत युद्धकैदी झाले. अर्धपोटी अवस्थेत त्यांनी तिथे 'फुटी'ची रीतसर साखळी स्पर्धा चालवली. संघांना मायदेशातील क्लबांची नावे दिली. मेलबर्नमध्ये सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ब्राउनलो पदकाची छावणीतील आवृत्तीही काढली. ते पदक मिळवणाऱ्या पीटर चिटी या सैनिकाने ते जपून घरी नेले. आज ते कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. याला स्मरणरंजन म्हणायचे काय? स्मरणरंजन करणारा मागे वळून पाहतो. हे कैदी पुढच्या शनिवारची वाट पाहत होते. नियम, पंच, गुणतक्ता, पदक या सामग्रीतून त्यांनी जगण्याला वेळापत्रक मिळवून दिले. आमच्या मते घर म्हणजे हेच: आठवण नव्हे, तर ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांनी एकत्र येण्याची व्यवस्था.

मात्र या व्यवस्थेत यजमानाचे स्थान कोणते, हा खरा प्रश्न आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात वुंग ताऊ या किनाऱ्यावरच्या गावी ऑस्ट्रेलियन सैन्याचा तळ होता आणि सैनिक तिथेही हा खेळ खेळत. २०१०पासून त्याच गावी तिथल्या ऑस्ट्रेलियन क्लबाने अँझॅक दिनाच्या निमित्ताने मैत्रीचा सामना भरवण्याची प्रथा पाडली. पाहुण्यांसाठी ते मित्रांच्या स्मरणाचे मैदान. ज्यांच्या भूमीवर ते युद्ध झाले, त्यांची स्मृती निराळी असणार हे उघड आहे. परक्या भूमीवर आपले घर मांडणाऱ्याला त्या भूमीच्या आठवणी टाळता येत नाहीत.

हाच प्रश्न आमच्या विद्यार्थ्याच्या क्लबात फार छोट्या आकारात उभा राहिला. २०२०च्या महासाथीत सीमा बंद झाल्या, करार संपले, माणसे मायदेशी परतली. पुढे बंधने सैल झाल्यावर सरावाला सात जण उरले. त्यांत तिघे स्थानिक होते. चेंडूंची पिशवी, शंकू आणि बांबू एका स्थानिक तरुण हिशेबनिसाच्या घरी राहिले. दर बुधवारी मैदानाचे भाडे भरून, खेळ समजावून सांगून त्याने शेजारपाजारची मुले आणली आणि क्लब जिवंत ठेवला. नंतर परदेशी नोकरदार पुन्हा येऊ लागले. संख्या वाढली आणि नवी कार्यकारिणी निवडण्याची वेळ आली. अध्यक्षपदासाठी आमच्या विद्यार्थ्याने त्या हिशेबनिसाचे नाव सुचवले. सभा शांत झाली. कोणी वाईट बोलले नाही. एक जण एवढेच म्हणाला, की हा शेवटी ऑस्ट्रेलियन क्लब आहे. त्या तरुणाला सरावप्रमुख करण्यात आले. अध्यक्ष झाला चार महिन्यांपूर्वी आलेला एक गृहस्थ. दीड वर्षाने त्याचाही निरोप समारंभ झाला. सरावप्रमुख अजून तिथेच आहे.

ही घटना वाचताना आम्हांला मुंबई आठवली. १८७५मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे दरवाजे नेटिवांना बंद होते. पण क्रिकेट दरवाज्याआड राहिले नाही. पारशांनी, हिंदूंनी, मुसलमानांनी आपापले जिमखाने काढले. पळवणकर बाळूसारखा दलित गोलंदाज १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. साहेब गेला, खेळ उरला. तो उरला कारण ज्यांना तो देण्याची साहेबाची इच्छा नव्हती, त्यांनी तो घेतला. 'फुटी'च्या बाबतीतही हे घडू लागले आहे. मेलबर्नमध्ये २००२पासून भरलेल्या आंतरराष्ट्रीय चषक स्पर्धेचा नियमच असा होता, की परदेशस्थ ऑस्ट्रेलियनांना घेऊन संघ उभा करायचा नाही. त्या त्या देशाचेच खेळाडू हवेत. २००८च्या स्पर्धेत भारताचा संघही उतरला होता.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जो क्लब केवळ आपल्या माणसांसाठी घर जपतो, तो दर तीन वर्षांनी रिकामा होतो. जो खेळ दुसऱ्याच्या हाती देतो, तोच टिकतो. आणि देणे म्हणजे अंगरखा देणे नव्हे, अध्यक्षपद देणे. दिलेला खेळ थोडा बदलणार, थोडा चुकीचाही खेळला जाणार. ती किंमत मोजावी लागते.

हे आम्ही मराठीच्या अध्यापकांना का सांगत आहोत? आमच्या वर्गात गेल्या काही वर्षांत एखाददुसरा असा विद्यार्थी येतो, की ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही. त्याने निबंधात लिंग चुकवले की आम्ही हसलो आहोत, हे कबूल करायला हवे. त्याला कौतुकाने पहिल्या बाकावर बसवणे, 'मराठी दिना'ला त्याच्याकडून चार ओळी म्हणवून घेणे, हे आम्ही केले आहे. पण भाषा कशी असावी याविषयी त्याचे मत आम्ही कधी विचारले नाही. आमची कार्यकारिणीही शेवटी 'आपल्या' माणसांचीच राहिली.

त्या विद्यार्थ्याचे शेवटचे पत्र मागच्या महिन्यात आले. त्याचाही करार संपत आला आहे. निरोपाचा अंगरखा नको, त्याऐवजी पुढच्या सभेत तेच नाव पुन्हा मांडू द्या, असे त्याने क्लबाला कळवले आहे. सभा अजून व्हायची आहे.