विम्याचा कागद आणि महसुलाची जप्ती

तुरीची पोती घेऊन बार्शीच्या बाजार समितीत येणारा वाहनमालक विम्याला बहुधा सरकारी खंडणी समजतो. वस्तुतः मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला विमा त्याच्या गाडीसाठी नसून, त्या गाडीखाली सापडणाऱ्या तिऱ्हाइतासाठी आहे. ही सक्ती नवीही नव्हे. १९३९ च्या कायद्यातील तशीच तरतूद १९४६ पासून अमलात आली होती.

१ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस सालीना २,०९४ रुपये आणि दीड हजारांपर्यंत ३,४१६ रुपये, कर निराळा. हा दर मुंबईस व बार्शीस एकच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे.

विम्याविना पहिल्यांदा सापडल्यास दोन हजारांचा दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड लहान दिसतो, म्हणूनच तो फसवा. कारण अपघात घडून न्यायाधिकरणाने लाखोंची भरपाई मालकावर बसविली, तर ती कलम १७४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते, आणि सातबाऱ्याची किंमत ठाऊक असलेल्या माणसास याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. टेम्पोत बसविलेल्या वऱ्हाडाची गोष्ट याहून बिकट: मालवाहनातील फुकट्या प्रवाशांची जोखीम विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरविले आहे, आणि लग्नसराईत टेम्पो तरीही भरलेलेच असतात.