डांबर टोलीला द्या, डोंगराला मुरूम पुरे

महाशिवरात्र जवळ आली की आमच्या लाखांदूरच्या चहाटपऱ्यांवर एक मागणी हमखास ऐकू येते. डोंगराकडे जाणारे जंगलातले रस्ते डांबरी करा, गाडी थेट पायथ्याला लागली पाहिजे. मागणारे माझेच लोक. त्यातल्या कितीतरी जणांना मी माझ्या कमांडर जीपमधून प्रतापगडाला, कचारगडाला, नवेगावबांधच्या सात बहिणींच्या डोंगरांकडे नेलं आहे. एरवी लाखांदूर-वडसा रोडवर सवाऱ्या भरायच्या आणि यात्रा आली की जंगलाकडे वळायचं, असा माझा धंदा. आता गाडी पोरगा चालवतो. मी बाजूला बसून गिअर सांगतो, ते त्याला आवडत नाही. पण वर्षानुवर्षं त्या वाटांवर स्टेअरिंग धरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. पायथ्यापर्यंत डांबर नको.

झाडीपट्टीतले हे रस्ते मुळात देवासाठी किंवा फिरणाऱ्यांसाठी झालेलेच नाहीत. साग आणि बांबू बाहेर काढायला जंगलात तोडीचे कूप पडायचे, त्या कुपापर्यंत आधी बंड्या गेल्या, मग ट्रक गेले. तोड संपली, रस्ता उरला. म्हणून तो कधी नाल्यात उतरतो, कधी उगाच वळसा घेतो, आणि एखाद्या मोकळ्या जागी अचानक संपतो. तिथून पुढे पायवाट. आपण त्या वाटेवर फार उशिरा आलेले पाहुणे.

रस्ता खराब का होतो, हे कोणी विचारत नाही. खराब झाला की थेट डांबराचीच भाषा. खरा शत्रू पाणी. पावसात दोन गाड्या गेल्या की चाकोरी खोल होते, पुढचं पाणी त्या चाकोरीतून धावतं, मुरूम वाहून जातो आणि खालचे गोटे वर येतात. मग ड्रायव्हर गोटे टाळायला बाजूनं गाडी घालतो, रस्ता रुंद होतो, आणखी चार रोपटी जातात. इलाज जुना आणि स्वस्त आहे. रस्ता मध्ये उंच, कडांना उतरता ठेवायचा. कडेची नाली पावसाआधी मोकळी करायची. उतारावर ठरावीक अंतरानं आडवी चर काढून पाणी जंगलात सोडायचं. नाल्यावर दगडी रपटा टाकायचा. एवढं केलं तर साधी जीप पहिल्या गिअरमध्ये आरामात चढते. हाफ क्लचवर रेटून प्लेट जाळणारे नवशिके रस्त्याला शिव्या देतात, त्यांना कोण सांगणार! उलट नाली न काढता वर डांबर ओतलं तर दोन पावसाळ्यांत कडा तुटतात, आणि तुटलेलं डांबर मुरमापेक्षा वाईट. मुरमाचा खड्डा फावड्यानं बुजतो. डांबराच्या खड्ड्याला टेंडर लागतं.

दुसरी गोष्ट वेगाची. मुरमाच्या रस्त्यावर गाडी सायकलच्या चालीनं जाते. डांबरावर तीच गाडी साठाला पोचते, रात्रीही. आमच्या भोवतालचं जंगल मोकळं नाही. एकीकडे २०१३ साली झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, दुसरीकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, आणि नवेगाव व नागझिरा यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग. ‘जय’ नावाचा वाघ नागझिऱ्यात जन्मला आणि तिथून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात राहायला आला. जनावरं अशी फिरतात म्हणूनच मधले जंगलतुकडे महत्त्वाचे. त्यातून आणखी एक भरधाव पट्टी काढायची कशाला?

वाघाचं कौतुक सांगतोय म्हणून मला शहरी पर्यटक समजू नका. सीटी-१ नावाच्या वाघानं वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी मिळून १३ माणसं मारली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तो वडशाच्या जंगलात पकडला जाईपर्यंत आमच्या तालुक्यातही लोक सरपणाला जायला घाबरत होते. जंगलात चालायचं तर उजेडात, चार-पाच जणांनी मिळून, बोलत. पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया हे जाणतात. पायथ्याशी गाडी लावून एकट्यादुकट्यानं मोबाइल उंचावत झुडपात शिरणारा जाणत नाही, आणि गुळगुळीत रस्ता नेमका त्यालाच आत आणतो.

रस्ता नसेल तर यात्रा बंद पडेल, असं म्हणणाऱ्यांनी पचमढीची नागद्वार यात्रा आठवावी. तिथं जाणारे बहुसंख्य आपणच, विदर्भातले. वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली, त्यामुळे एरवी बंद. नागपंचमीच्या सुमारास थोडे दिवस तेवढी उघडते, तीही भर पावसात. पचमढीहून जिप्सी धूपगडाच्या बाजूला काही अंतर नेतात, पुढे चिखल, दगड, धुकं आणि पाय. मंडळं वाटेवर जेवण घालतात. तरी गर्दी लाखांत. साठी उलटलेल्या, नऊवारीतल्या बाया माझ्यासारख्या ड्रायव्हरला मागे टाकून पुढे जातात. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडेही माघ पौर्णिमेला गोंड समाज दूरदूरच्या राज्यांतून येतो. धनेगावपासून पुढे चढावं लागतं म्हणून कोणी घरी राहिल्याचं मी ऐकलं नाही.

थकलेल्यांचं आणि अपंगांचं काय? प्रश्न बरोबर आहे. यात्रेच्या दिवसांत त्यांच्यासाठी गावातल्याच दोन-चार जीपना पास द्या, हळू चालवायची अट घाला. बाकीच्यांच्या गाड्या अलीकडच्या गावात थांबवा. पार्किंगचे, चहाचे, जेवणाचे पैसे त्या गावाला मिळतील. गाडी थेट पायथ्याला गेली तर गावाला मिळते फक्त धूळ.

डांबर हवंच आहे, पण दुसरीकडे. जंगलाच्या कडेला अशा टोल्या आहेत जिथली बाळंतीण पावसाळ्यात नाल्याअलीकडे अडकते. तिथं मी कच्च्या रस्त्याचं गुणगान करणार नाही. रात्री अशी सवारी घेऊन चिखलात उभं राहणं काय असतं, ते ठाऊक आहे. ‘जंगलखातं परवानगी देत नाही’ हे उत्तर तिथं नेहमी मिळतं. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. रस्ता, शाळा, दवाखाना अशा गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, देता येते. ग्रामसभेची शिफारस लागते. दर महाशिवरात्रीला पायथ्याच्या रस्त्यासाठी निवेदन नेणाऱ्या पुढाऱ्यांनी अशा टोलीच्या ग्रामसभेत बसून एक ठराव लिहून घ्यावा. फोटो तिथेही निघतो.

आणि डोंगराकडच्या रस्त्याची नाली, चरी, रपटे हे काम वनखात्यानं गावकऱ्यांच्या हातून, मजुरी देऊन करून घ्यावं. दोनदा करावं लागेल: एकदा मे महिन्यात, पावसाआधी, आणि एकदा दिवाळीनंतर, वाहून गेलेला मुरूम परत टाकायला. तेव्हा धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, ट्रॅक्टर भाड्यानं सहज मिळतात आणि महाशिवरात्रीला अजून तीन महिने असतात.