टक्का महिन्याचा की वर्षाचा?

शेतकऱ्याला काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांची या देशात कधीच वाण पडलेली नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पुणे आणि नगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत गावोगाव तोच वणवा पेटला. इंग्रज सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. तोपर्यंत साहेब लोकांचे ठाम मत असे की रयत लग्नकार्यात पैसा उधळते, म्हणून ती कर्जात बुडते. कमिशनने दप्तरे तपासली आणि लिहून ठेवले की लग्नाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले गेले आहे. याला दीडशे वर्षे होऊन गेली. साहेब गेले, पण त्यांचे मत काही गेले नाही. आज तेच मत शहरातली शहाणी मंडळी बोलतात. फक्त लग्नाच्या जोडीला आता मोटारसायकल आणि मोबाइल आला आहे.

तेव्हा एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोरडवाहू शेतकरी गरीब आहे तो उधळ्या आहे म्हणून नव्हे. भाकरी-ठेचा खाणाऱ्याला काटकसर शिकवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. भावाची लढाई भावाचीच आहे, ती चहा सोडून जिंकता येत नाही.

पण आमचे म्हणणे पुढचे आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाचा जो काही पैसा घरात येतो, तो कोणाकोणाच्या हातात जातो? कापूस काट्यावर एक किलो कमी भरला तर आपण व्यापाऱ्याशी हमरीतुमरीवर येतो, आणि यायलाच हवे. मग व्याजाच्या काट्यावर दर हंगामाला क्विंटलभर कमी भरते, तिथे आपण गप्प का?

व्याजाचा काटा कसा मारला जातो ते पाहा. बँक बोलते वर्षाच्या टक्क्यात, सावकार बोलतो महिन्याच्या. 'शेकडा तीन' ऐकायला तीनच वाटतात. वर्षाचे होतात छत्तीस. शेकडा पाच म्हणजे साठ. जुन्या सवाईचे तेच. पेरणीला मणभर ज्वारी घ्यायची आणि खळ्यावर सव्वा मण द्यायची. सहा महिन्यांत पंचवीस टक्के, म्हणजे द.सा.द.शे. पन्नास. आजोबांना वाटे, पावशेर-अच्छेर जास्त दिले, त्यात काय मोठे!

सवाई आता बहुतेक ठिकाणी गेली, तिची जागा कृषी केंद्राच्या उधारीने घेतली. समजा जूनमध्ये बी, खत, औषध मिळून रोखीने वीस हजारांचा माल होतो. उधारीवर तोच माल वहीत तेवीस हजारांचा लागतो आणि पैसे डिसेंबरात, कापूस विकल्यावर. दुकानदार व्याजाचा शब्द तोंडातून काढत नाही. उलट चहा पाजतो. पण वीस हजारांवर सहा महिन्यांत तीन हजार म्हणजे सरळ तीस टक्के. शिवाय उधारीच्या गिऱ्हाईकाला हवे ते वाण मागता येत नाही. दुकानात जे पडून आहे ते घ्यावे लागते, आणि युरियाच्या पोत्याबरोबर एक टॉनिकची बाटली गळ्यात पडते. त्यालाच आता 'लिंकिंग' हे गोंडस नाव मिळाले आहे.

याच्या समोर पीककर्ज ठेवून बघा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी. वेळेत फेडले तर केंद्राची तीन टक्के सवलत आणि वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना, म्हणजे महाराष्ट्रात व्याज शून्यावर येते. ज्याचे खाते थकीत आहे त्याला बँक दारात उभे करत नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. हा लेख वाचणाऱ्यांत तसे पुष्कळ असतील. त्यांनी निदान सावकारी कायदा माहीत करून घ्यावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ टक्के आणि बिनतारणी कर्जावर बारा टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. कोऱ्या कागदावर सही घेता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणे हा तर गुन्हाच. अवैध सावकारीत जमीन लिहून घेतली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतील व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याला आहे. या कलमाचा उपयोग करणारे थोडे आहेत. कारण सावकार गावातलाच असतो आणि अडीअडचणीला रात्री बारा वाजता तोच दार उघडतो. हे आम्हाला कळते. तरीसुद्धा टक्का विचारायला लाजू नये.

आता हप्त्यांचे पाहू. मोटारसायकलच्या शोरूममध्ये पाटी असते, 'फक्त १० टक्के'. साठ हजारांचे कर्ज, मुदत तीन वर्षे. वर्षाला सहा हजार म्हणजे तीन वर्षांचे व्याज अठरा हजार. एकूण अठ्ठ्याहत्तर हजार भागिले छत्तीस, हप्ता २,१६७ रुपये. हिशेब चोख दिसतो. खोट कुठे आहे? पहिल्या महिन्यापासून आपण मुद्दल फेडत असतो. दीड वर्षानंतर निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेले असते, तरी व्याज लागते ते पूर्ण साठ हजारांवर. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे त्यांचे दोन-एक हजार असतात आणि व्याज साठ हजारांचे! या 'फ्लॅट' दराचा खरा दर काढला तर जवळपास अठरा टक्के येतो. पाटीवर दहा, खिशातून अठरा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक असो की फायनान्स कंपनी, कर्जदाराला समजेल अशा भाषेत सगळा खर्च धरून वर्षाचा टक्का लिहिलेला कागद सहीच्या आधी द्यावा लागतो. बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सलाही असा कागद द्यावाच लागतो. तो मागा. देत नसतील तर तिथून उठा. गाडी घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. शेतावर, दवाखान्यात, बाजारात गाडीशिवाय भागत नाही. पण अठरा टक्क्यांनी घेतो आहोत हे कळून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी थोडे जास्त रोख भरून घेण्याची बुद्धी होईल.

घरातला पैसा जाण्याचा हा एक रस्ता झाला. दुसऱ्या रस्त्याने पैसा आपण स्वतः नेऊन देतो.

कापूस विकून हातात पैसा आला की तालुक्याच्या गावाहून एजंट येतो. एजंट परका कधीच नसतो. तो भाचा असतो, साडू असतो, शाळेतले गुरुजी असतात. त्यांना नाही कसे म्हणायचे? कंपनीला हे नेमके माहीत असते, म्हणून तर ती नात्यातला माणूस नेमते. 'तीन वर्षांत दामदुप्पट' ऐकल्यावर एक सोपे गणित करावे. बहात्तरला वर्षांनी भागले की टक्का निघतो. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे चोवीस टक्के. सरकारच्या किसान विकास पत्राला १ एप्रिल २०२३ पासून साडेसात टक्के व्याज ठरले आणि त्या दराने पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर लागतात. तुम्हाला चोवीस टक्के द्यायचे, एजंटाला कमिशन द्यायचे, शहरात काचेचे ऑफिस थाटायचे, आणि वर मालकाला मिळवायचे. असा कोणता धंदा आहे? असता तर मालकाने बँकेतून कर्ज काढून तो एकट्याने केला नसता का?

शेतजमीन घेऊन विकसित करून देतो असे सांगून देशभर पैसा गोळा करणाऱ्या पर्ल्स, म्हणजे पीएसीएल कंपनीला ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. ठेवीदार किती? सुमारे पाच कोटी पंच्याऐंशी लाख. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली न्यायमूर्ती लोढा समिती नेमली. परतफेड झाली ती टप्प्याटप्प्याने, आधी लहान रकमांची. म्हातारपणाची सोय म्हणून पावती घेतलेले कितीतरी लोक तोवर म्हातारे होऊन गेले.

आमचा विषय शेतीचा, म्हणून शेतीच्या नावाने निघणाऱ्या योजनांवर आमचा विशेष राग आहे. नव्वदच्या दशकात सागवान आले, मग सफेद मुसळी, मग इमू. २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराईचा इमूचा धंदा कोसळला आणि उपाशी पक्ष्यांना सरकारला दाणापाणी करावे लागले. एवढे झाल्यावर २०१९ साली आपल्याच सांगली जिल्ह्यात, इस्लामपुरात कडकनाथ कोंबड्यांचे तेच झाले. पक्षी वाईट नव्हते. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची चांगली जात आहे. वाईट होता तो करार. कंपनी पिल्ले महाग विकते आणि अंडी महाग घेईन म्हणते. त्या अंड्यांतून काढलेली पिल्ले पुढच्या शेतकऱ्याला विकते. तुमच्या अंड्याला मिळालेला भाव हा पुढच्या गावातल्या शेतकऱ्याने पिल्लांपोटी भरलेला पैसा असतो. नवे गाव मिळेनासे झाले की खेळ खलास. म्हणून अशा कोणत्याही योजनेत एकच प्रश्न विचारायचा: हे शेवटी खाणार कोण, आणि आज कोणत्या बाजारात, कोणत्या भावाने ते विकले जाते? ज्वारीचा भाव पडो की चढो, तो बाजार समितीच्या फळ्यावर दिसतो. ज्या मालाचा भाव फक्त कंपनीच्या कागदावर दिसतो, तो माल लावू नये.

बँकेसारखी पाटी लावलेली प्रत्येक संस्था बँक नसते, हेही ध्यानात ठेवावे. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील किंवा मल्टीस्टेट सोसायटीतील ठेवीला तो नाही. छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत २०२३ पासून मोठमोठ्या संस्थांची दारे बंद झाली, तेव्हा पुष्कळांना हा फरक पहिल्यांदा कळला. मुलीच्या लग्नाचे पैसे एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून तिथे ठेवणे महागात पडते.

मोबाइलवरच्या फसवणुकीला फार शाई खर्च करत नाही. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. पीएम किसानचा हप्ता मिळेल म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडू नये. शेतात टॉवर बसवतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असे म्हणणारा चोर आहे. सौरपंपाच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या आहेत. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तासाभरात १९३० नंबर लावावा. उशीर केला तर पैसा चार खात्यांतून फिरून नाहीसा होतो.

राहिले कृषी केंद्र. तिथली काटकसर ही खरी काटकसर, कारण तिथे हजारांत वाचते. शंभर ग्रॅम १९:१९:१९ च्या पुडीत नत्र असते १९ ग्रॅम. शंभर ग्रॅम युरियात ४६ ग्रॅम. ४५ किलोचे युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे नत्र किलोला तेरा रुपयांच्या आत पडते. कपाशीला पात्या-फुले लागताना नत्राची फवारणी द्यायची असेल तर दोन टक्के युरिया ते काम करतो. रंगीत बाटलीवर नत्र, स्फुरद, पालाश किती हे लिहिलेले नसेल तर दुकानदाराला तसे तोंडावर विचारा. बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. २०२५ साली ती ९०१ रुपये होती. अमुकच वाण पाहिजे म्हणून काळ्या बाजारात वर पैसे मोजणे हा आपणच आपल्याला केलेला दंड, कारण पावसाने दगा दिला की महागडे वाण आणि साधे वाण एकाच ओळीत वाळतात. आणि विनापावती स्वस्त बी तर नकोच. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. पण पावती, रिकामे पाकीट, लॉट नंबर आणि मूठभर शिल्लक बी जपून ठेवलेले हवे. पाकीट बांधावर फेकले की खटलाही तिथेच पडला.

जिल्हा बैठकीच्या दिवशी आम्ही मंडपात एक टेबल मांडणार आहोत. गाडीच्या हप्त्याचे कागद, सोसायटीच्या पावत्या, कृषी केंद्राची वही, जे असेल ते घेऊन या. प्रत्येकाचा वर्षाचा टक्का काढून त्याच कागदावर लिहून देऊ. मायबहिणींनी गटाची पासबुके जरूर आणावीत. त्यांचे हिशेब पुरुषांपेक्षा नेटके असतात, असा आमचा अनुभव आहे. कोणी कोऱ्या कागदावर सही देऊन बसला असेल तर त्याने जेवणाच्या सुट्टीत बाजूला येऊन सांगावे. नाव फुटणार नाही. उपनिबंधकांकडचा अर्ज तिथेच लिहू.