अहमदीतली तळी

कुवेतला मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या मंडळींच्या मोबाईलमध्ये फोटो ठरलेले असतात: कुवेत टॉवर्स आणि मुबारकियाचा बाजार. ठिकाणं वाईट नाहीत. पण मुक्काम फहाहीलच्या बाजूला असेल, तर एक दिवस टॅक्सी राजधानीकडे न नेता अहमदीच्या टेकाडावर चढवावी, असं माझं मत आहे.

आमचे टॅक्सीवाले भाई म्हसळ्याकडचे निघाले. मराठी ऐकताच खुलले, पण बेत काही त्यांना पटेना. "चाचा, अहमदीत बघायचं काय? झाडंच तर आहेत."

झाडं आहेत हेच तर बघायचं. सगळीकडे भुरकं वाळवंट, आणि मध्येच हे दाट सावलीचे रस्ते, कुंपणाआड बैठे बंगले, पुढे हिरवळ. आपल्याकडची जुनी रेल्वे कॉलनी उचलून वाळूत ठेवावी तसं. कुवेत ऑइल कंपनीने 1946 नंतर हे गाव वसवलं. तेव्हाचे अमीर शेख अहमद यांचं नाव त्याला दिलं. जागा निवडण्यातही हिशेब होता. टेकाड समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथल्या टाक्यांमधलं तेल उतारानेच खाली बंदरात जायचं. माणसांचीही उतरंड होती. उत्तरेला इंग्रज साहेब, मध्ये भारतीय-पाकिस्तानी कारकून आणि तंत्रज्ञ, दक्षिणेला अरब कामगार. देश अरबांचा, तेलही त्यांचंच. वस्ती मात्र सर्वांत शेवटी!

भाईंना मी तळ्यांबद्दल विचारलं. त्यांनी कुंपणापलीकडे, बुर्गानच्या तेलक्षेत्राच्या दिशेला हात केला. तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. लांबवर जळणाऱ्या वायूची ज्योत तेवढी दिसते.

ही तळी पाण्याची नव्हेत. 1990 मध्ये कुवेत बळकावलेल्या इराकी फौजेने 1991 मध्ये माघार घेताना सहाशेवर तेलविहिरी पेटवल्या. काही फुटलेल्या विहिरींतलं तेल न जळताच उसळत राहिलं आणि खोलगट जागी साचलं. अशी लहानमोठी तीनशेच्या वर तळी झाली. वरून चकाकणारा काळा पृष्ठभाग बघून पक्ष्यांना पाणी वाटायचं. ते उतरायचे, पंख चिकटायचे आणि तिथेच मरायचे. आग विझवायला पाणी हवं होतं, आणि वाळवंटात ते आणायचं कुठून? मग तेल बंदराकडे नेणाऱ्या नळांतून समुद्राचं पाणी उलटं विहिरींकडे चढवलं आणि ते साठवायला वाळूत मोठाले खड्डे खणले. म्हणजे एकाच माळावर तेलाची तळी आणि खाऱ्या पाण्याचीही. शेवटची विहीर 6 नोव्हेंबर 1991 ला विझली. मातीत मुरलेलं तेल मात्र पुढची कित्येक वर्षं उपसावं लागलं. नुकसानभरपाईचा शेवटचा हप्ता इराकने दिला तो 2022 मध्ये, आणि तोही तेल विकूनच.

"इराकी घुसले तेव्हा आम्ही शाळेत होतो," भाई म्हणाले. "अब्बा इथेच होते. अम्मानवरून विमानाने मुंबईला आले, अंगावरच्या कपड्यांनिशी." कुवेतमधून 1990 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय माणूस परत आणला गेला. भाईंचे वडील पुन्हा आलेच नाहीत. मुलगा आला.

उतरताना फहाहीलचा मासळीबाजार केला. इथे पापलेटला झुबैदी म्हणतात आणि भाव ऐकून आपण पुढे सरकतो. भाईंनी कल्ले उचलून बघितले, नाक मुरडलं आणि सुरमई घ्यायला लावली. कोकणातल्या माणसापुढे मासळीत आपण बोलू नये.

भाडं देताना मनातल्या मनात गुणाकार झालाच. दिनार आता तीनशे रुपयांच्या घरात गेलाय. 1961 पर्यंत इथे व्यवहार रुपयांतच चालायचा. दिनार आला तेव्हा एका दिनाराला सव्वातेरा रुपयांहून किंचित जास्त पडत. हे भाईंना सांगितलं. "मग तेव्हा यायला हवं होतं, चाचा," म्हणत त्यांनी सुटे परत केले.