घराचा दर चढला, पण धाकट्याने राहायचं कुठे?



गेल्या आठवड्यात एक सभासद सोसायटीत आला. होडीचा मालक, दोन मुलगे. धाकट्याचं लग्न ठरलंय, म्हणून गावातच लहानशी जागा बघत होता. दर ऐकून सरळ माझ्याकडे आला. म्हणाला, "सेक्रेटरीबाब, माझ्या घराला कोटीचा भाव आलाय म्हणतात. मग मला दोन खोल्या का परवडत नाहीत?"

प्रश्न बरोबर आहे. मोरजी, मांद्रे, हरमलला खोल्या पाहुण्यांना भाड्याने जातात. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं उडू लागली, तशी ये-जा आणखी वाढली. शेजारच्या घराला मोसमात काय भाडं मिळतं, त्यावरून आपल्याही घराचा दर लोक ठरवतात. पण राहतं घर विकत नाही तोवर तो दर नुसता बोलण्यापुरता. आणि विकलं, तर त्या पैशात दर्याजवळ दुसरं घर मिळत नाही. भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत तर नव्या बांधकामावर निर्बंध. वर गोव्याच्या कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा. दर चढला की एक भाऊ म्हणतो विकूया, दुसरा म्हणतो नको, आणि घरात भांडण.

मी भाड्याच्या विरोधात नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पाहुणेही नसतात. मोसमातलं भाडं राखून ठेवलं तर त्या दोन महिन्यांत तेच चूल पेटवतं. पण कर्ज काढून खोल्यांवर खोल्या चढवू नका. डिचोलीवाल्यांना विचारा. २०१२ ला खाणी बंद, पुन्हा २०१८ ला बंद. ज्यांचं पोट खाणीच्या वर्दळीवर होतं, ते सगळे अडकले. भाडेकरू दुसऱ्याच्या धंद्यावर येतो, तो धंदा बसला की जातो. कर्जाचा हप्ता मात्र जात नाही.

म्हणून माझं मत असं:

१. खोली भाड्याने द्या, जागा विकू नका. पर्यटन खात्यात नोंदणी करूनच द्या.

२. मुंडकार असाल तर घराची जागा कायद्याने नावावर करून घ्या. दर वाढेल तसा वाद वाढेल.

३. होडी ओढायची वाट आणि जाळी सुकवायची जागा खोल्यांसाठी बुजवू नका.

४. चार खोल्या असतील तर एक तरी बारा महिन्यांसाठी आपल्याच माणसाला द्या, परवडेल अशा भाड्याने.

चौथा मुद्दा काहींना रुचणार नाही, ठाऊक आहे. मोसमाचं भाडं सोडणं सोपं नाही. पण आपली पोरं गावाबाहेर राहायला गेली, तर पहाटे होडी लोटायला माणूस कुठून आणायचा?

पटलं नाही तरी लिहा. पुढच्या बैठकीत यावर बोलूया.

– सचिव